दोन ठोक्यांमधले बिऊ गुरुजी

माझी चौथी आणि बिऊ गुरुजींची तिसरी यांच्यामध्ये भिंत म्हणून जे काही उभं आहे ते फळ्यांचं आहे, आणि फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी आहेत. एकोणीस वर्षं मी त्या फटींच्या अलीकडे शिकवते आहे. शेजारणीला घरातलं जेवढं कळतं तेवढं घरच्यांनाही कळत नाही, तसे बिऊ गुरुजी मला कळले आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना बरीच नावं ठेवणार आहे.

पहिलं नाव, संथ. शाळेसमोरचा नारळाच्या खोडाचा पूल ओलांडला की नवव्या मावशीची कॉफीची टपरी लागते; आमच्याकडे माणसांना भावंडांतल्या क्रमांकाने हाक मारतात. गुरुजी रोज पावणेसातला तिथे येऊन टेकतात. मावशी विचारते, "काय देऊ?" गुरुजी म्हणतात, "थांब जरा, बघतो." मग कालव्याकडे बघत बसतात. तेवढ्यात मावशी बर्फ फोडते, कॉफी गाळते, घट्ट दूध घालते आणि पेला आणून समोर ठेवते, तेव्हा गुरुजी म्हणतात, "दुधाचीच दे." सव्वीस वर्षं दुधाचीच. मी मावशीला एकदा म्हटलं, "अगं, माहीत आहे तर विचारतेस कशाला?"

"नाही विचारलं तर रुसतात गं," मावशी म्हणाली. "आणि एखाद दिवशी काळी मागितली तर? मला ते बघायचंय."

लग्नाचंही तेच. सुओंगवहिनी तेव्हा नदीवरच्या बाजारात होडीतून भोपळे विकायच्या. गुरुजी आठवड्यात तीन भोपळे घ्यायला लागले तेव्हा वहिनींनीच होडी आडवी घालून विचारलं, "माझ्याशी लग्न करायचंय का?" गुरुजी म्हणाले, "विचार करून सांगतो." आणि अकराव्या दिवशी 'हो' म्हणायला गेले. वहिनी हे कोणालाही हसत सांगतात. "अकरा दिवस रोज त्याच जागी होडी लावली. भोपळे सडले, पण नवरा टिकाऊ मिळाला."

आता असा माणूस आमच्या शाळेत शिकवतो म्हणजे कसं होत असेल बघा. आमच्याकडे सगळं पट्टीच्या ठोक्यावर चालतं. मास्तराने टेबलावर पट्टी आपटली, टक, की मुलं पाटीवर उत्तर लिहितात. पुन्हा टक, की सगळ्या पाट्या एकदम वर. तिसऱ्यांदा टक, की खाली. माझी आजी याच ठोक्यांवर शिकली, मी याच ठोक्यांवर शिकले. माझ्या वर्गात पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मध्ये मी मनात चार आकडे मोजते. चारात लिहून झालं नाही तर पाटी कोरी वर जाते, आणि कोरी पाटी कोणाची हे अख्ख्या वर्गाला दिसतं. त्यामुळे माझी मुलं चटपटीत आहेत. जलद पाढ्यांचं तालुक्याचं प्रमाणपत्र माझ्या दारावर काचेत लावलेलं आहे, आणि त्याची काच मी स्वतः पुसते.

बिऊ गुरुजीही आधी असेच होते, फक्त चाराच्या जागी सहा मोजायचे. बिघाड झाला तो बदकांमुळे.

तो सप्टेंबर होता. मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन घातलं होतं, त्यामुळे फटीतून सगळं ऐकू येत होतं. गुरुजींनी विचारलं, "सहाव्या काकांकडे बारा बदकं. पाच सोडून बाकीची सगळी कालव्यात उतरली. काठावर किती राहिली?" टक. खडूंची करकर. टक. पस्तीस पाट्या वर. चौतीस पाट्यांवर सात.

"गुरुजी, लायच्या पाटीवर चिखल!" हा हुय ओरडला. हुय म्हणजे तिसरीतला सगळ्यात चलाख पोरगा. प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर संपलेलं असतं.

लाय ही मीठभाकरीसारखी साधी पोरगी, आईबरोबर होडीनं शाळेला येणारी. तिनेही आधी सातच लिहिले होते. मग काहीतरी वाटलं म्हणून बोटाने पुसले आणि त्या पांढऱ्या फराट्यावर पाच काढायला घेतले, तेवढ्यात दुसरा ठोका पडला. पाटीवर सात नाही, पाच नाही, नुसता पसारा. वर्ग खिदळला. लायने पाटीमागे तोंड लपवलं.

गुरुजींनी तिच्या हातातून पाटी घेतली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. इतका वेळ धरली की माझ्या वर्गाचं शुद्धलेखन तपासून झालं. मग म्हणाले, "लाय, हे सात कोणी लिहिले?"

"मी."

"आणि हे पुसले कोणी?"

"मीच, गुरुजी. चुकून."

"चुकून लिहिले की चुकून पुसले?"

लायला हे काही कळलं नाही. मलाही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचा पहिला ठोका पडायचा, आणि मग काहीच नाही. मी फळ्याकडे पाठ करून वाट बघायची. माझी पोरं मान वाकडी करून वाट बघायची. पलीकडे गुरुजी हळू आवाजात सांगत असायचे, "सुचेल ते लगेच लिहून टाका. कोणाला विचारू नका. झालं? आता त्या उत्तराकडे असं बघा, जणू ते तुम्ही नाही, हुयने लिहिलंय."

"आणि मी काय करू, गुरुजी?" हुयने विचारलं.

"तू लायने लिहिलंय असं समज."

या ठोक्यांमधल्या वेळेने माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. एकदा तर माझ्याच हातातला खडू अधांतरी राहिला आणि पलीकडून टक ऐकू आल्यावरच मी बेरजेची रेघ मारली. मधल्या सुट्टीत मी तडक जाऊन भांडले. "गुरुजी, तुमच्या ठोक्यांमध्ये माणूस कणीचा भात खाऊन, हात धुऊन येईल!"

"जाऊन या ना," ते म्हणाले. "मी थांबतो."

अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

मग त्यांनी एक मोठी चूक केली, आणि ती आमच्याकडचीच चूक. एक दिवस ठोका द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "पाटी कोणी पुसली?" फडकी बाकाखाली गेली. पुसणं म्हणजे चुकणं, आणि चुकल्याची कबुली कोण देईल? तर गुरुजी म्हणाले, "अरे, मला पुसलेली पाटी फार आवडते."

झालं! आमच्या मुलांना गुरुजींना काय आवडतं एवढं कळायचा अवकाश. आठवड्याभरात तिसरीचा वर्ग परटाच्या घाटासारखा झाला. पहिला ठोका पडला की खसाखसा लिहायचं आणि फडक्याने खसाखसा पुसायचं. गुरुजी हरखून शिक्षकांच्या खोलीत आले. "लोआन बाई, चमत्कार झालाय! तीस-तीस मुलं पुसतायत. लिहितात, बघतात आणि पुन्हा विचार करतात!"

मी फटीतून सकाळीच सगळं पाहिलं होतं. सात आठे किती या प्रश्नाला हुयने आधी नऊशे लिहिले, थाटात पुसले आणि मग छप्पन्न लिहिले. मला हसू आवरेना. "अहो गुरुजी, पोरं आधी मुद्दाम चुकतायत! तुम्हाला पुसलेलं आवडतं ना, म्हणून पुसायला काहीतरी लिहितात. विचार नाही हो करत, तालीम करतायत!"

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला. माझी जीभ अशी आहे. चार आकड्यांचीही वाट न बघता चालू होते. गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला, "असं होय" म्हणाले आणि तासाचा ढोल वाजायच्या आधीच वर्गात जाऊन बसले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चार दिवस त्यांनी पट्टीच उचलली नाही. पाचव्या दिवशी वर्गाला म्हणाले, "माझं चुकलं. मला पुसलेली पाटीही आवडत नाही आणि न पुसलेलीही आवडत नाही."

"मग काय आवडतं, गुरुजी?" हुयने काळजीने विचारलं. बिचाऱ्याचा धंदाच बसला होता.

"ते मी सांगणार नाही. हे बघा, काही उत्तरं तोंडात आधीच असतात. ती बाहेर टाकायची, बास. सात आठे छप्पन्न, त्यावर बसून काय करणार? अंडी उबवणार? आणि काही प्रश्न आत जाऊ द्यावे लागतात. कुठला प्रश्न कुठला, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

यानंतर त्या वर्गात जे सुरू झालं ते मी कुठल्याच शाळेत पाहिलेलं नाही. एखाद्या प्रश्नाला पस्तीस खडू एका दमात वाजायचे. पुढच्याला दहाच वाजायचे, आणि बाकीची मुलं वर आढ्याकडे बघत बसायची. कोणी सात आठेवर आढ्याकडे बघायला लागलं तर गुरुजी म्हणायचे, "छप्पन्नला काय झालं रे? आजारी आहे का?" आणि कोणी अवघड गणितावर झडप घातली तर नुसतं त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहायचे. पोरगं मग आपोआप फडकं शोधायचं. लाय एकदा मधेच म्हणाली, "गुरुजी, हे तोंडातलं वाटलं होतं, पण नाहीये," आणि कोणी हसलं नाही.

एवढं सगळं छान. पण अभ्यासक्रम मागे पडला. तिसरीच्या बाकीच्या तुकड्या चौदाव्या धड्यावर आणि गुरुजी दहाव्यावर. हुयचे वडील मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, येऊन तक्रार करून गेले की पोरगं घरी जेवायला बोलावलं तर 'थांबा, बघतो' म्हणतं. मोठ्या बाईंनी गुरुजींना बोलावलं. खोलीचं दार उघडं होतं आणि मी दाराशी होते. का होते ते विचारू नका.

"गुरुजी, नोव्हेंबरात, वीस तारखेच्या शिक्षकदिनाच्या आधी, तालुक्याचे साहेब तुमचा तास बघायला येतायत. 'चांगला' शेरा आला तर ठीक. नाही आला तर सहामाहीनंतर तिसरी दुसऱ्याला द्यावी लागेल. तुम्ही साहित्याच्या खोलीत बसाल. नकाशे, ग्लोब सांभाळायचे आणि ढोल वाजवायचा."

गुरुजी मान हलवून बाहेर पडले. सायकलीशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, "गुरुजी, एवढं काय? पगार तोच राहील. उलट आराम."

त्यांनी नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाले, "लोआन बाई, वर्ग नसला तर मी सकाळी उठून कशाबद्दल विचार करू?"

आणि सायकलीचं कुलूप उघडायला लागले. किल्ली उलटी लावत होते. त्या क्षणी मला हा माणूस इतका आवडला आणि त्याचा इतका राग आला, की मी ठरवलं, आता याला मीच वाचवणार.

साहेबांचा तास म्हणजे तो बसवावा लागतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कोणता प्रश्न, कोण उभं राहणार, कोण काय सांगणार, टाळ्या कधी, हे सगळं आठवडाभर घोटून घ्यायचं. गुरुजी ते करणार नाहीत हे मोठ्या बाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी नुसती मान हलवली. गुरुवारी गुरुजींना लसीकरणाची यादी देऊन गावच्या कचेरीत पाठवलं, आणि मी तिसरीच्या वर्गात शिरले.

"हे बघा मुलांनो. साहेब आले की गुरुजींच्या प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांचे हात वर हवेत. सगळ्यांचे! उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा. येत नसेल त्याने डावा. कोपर बाकावर टेकवून, ताठ. साहेबांना वाटेल सगळ्यांना येतंय, आणि गुरुजी फक्त उजव्या हातवाल्याला उभं करतील. कळलं?"

"गुरुजींना माहीत आहे, बाई?" लायने विचारलं.

"मी सांगेन त्यांना," मी म्हटलं. सांगितलं फक्त एवढंच, की साहेबांसमोर उजवा हात दिसेल त्यालाच विचारा, डाव्या हाताने उत्तर देणं बरं दिसत नाही. गुरुजी म्हणाले, "बरं." कधी नव्हे ते लगेच म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण शंका घ्यायला थांबावं लागतं, आणि मी कुठे थांबणारी!

ही डावी-उजवी हातांची युक्ती माझी नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि कधीही फसलेली नाही. कारण कुठल्याही वर्गातल्या मुलाला येत असतं किंवा येत नसतं. एकदा हात वर गेला की प्रश्न मिटला. ती युक्ती बिऊ गुरुजींच्या मुलांना शिकवताना मी एवढाच विचार केला नाही, की ही पोरं हात वर केल्यावरही विचार करत राहतात.

साहेब मंगळवारी आले. पांढरा शर्ट, बगलेत वही, स्वभावाने शांत. ते, मोठ्या बाई आणि मी, तिघं मागच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वहिनींनी केस चोपून बसवले होते. मुलांच्या गळ्यातले शाळेचे लाल रुमाल धुतलेले होते.

पहिले तीन प्रश्न लोण्यासारखे गेले. पस्तीस हात वर, गुरुजींनी उजव्या हाताच्या हुयला विचारलं, बरोबर. उजव्या हाताच्या आणखी एकीला विचारलं, बरोबर. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मोठ्या बाईंनी मला कोपराने ढोसलं, शाबास म्हणून. मला माझंच कौतुक वाटत होतं.

चौथा प्रश्नही पुस्तकातला सोपाच होता. पण गुरुजी पुस्तक हातात घेऊन थांबले. मी मनात म्हणत होते, विचारा, तोच विचारा. गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं.

"वीस मीटर लांबीचा काठ आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दर पाच मीटरला एक नारळ लावायचा. दोन्ही टोकांनाही झाड हवं. किती झाडं लागतील?"

पस्तीस उजवे हात सटकन वर. वीसला पाचाने भागलं, चार, तोंडातलं उत्तर. मग गुरुजी कोणालाच उभं करेनात. नेहमीसारखे खिडकीशी जाऊन उभे राहिले. आणि मग ते सुरू झालं.

आधी लायचा उजवा हात खाली आला आणि डावा वर गेला. मग मधल्या रांगेतले दोन. मग खिडकीकडची पूर्ण रांग, एकामागून एक, उजवा खाली, डावा वर. दोन मिनिटांत जवळजवळ सगळ्या वर्गाने हात बदलले. पोरं ओठ हलवत होती, कोणी बाकावर बोटाने टिंबं देत होतं. आणि मग एका कोपऱ्यातून पुन्हा डावे खाली आणि उजवे वर यायला लागले. हुयचं तर काही खरं नव्हतं. त्याने तीनदा बदलला, आणि शेवटी एका हाताने दुसरा धरून ठेवला. पस्तीस होड्यांवरची वल्ही एकदम दिशा बदलत असावीत असा तो देखावा होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गुरुजी, एक मिनिट. ही मुलं काय करतायत?"

गुरुजी वळले. खरं सांगते, त्यांनाही माहीत नव्हतं. ते हातांकडे बघत राहिले, कुतूहलाने.

साहेब लायच्या बाकाशी गेले. "बाळ, तू हात का बदललास?"

लाय उभी राहिली, हात मागे घेतले. "साहेब, उजवा म्हणजे येतं. डावा म्हणजे येत नाही. आधी मला येत होतं. मग विचार केला तर येत नव्हतं. आता परत येतंय."

"असं? मग किती झाडं?"

"पाच. पहिलं झाड कोणी मोजतच नाही, साहेब. सगळे मधल्या जागा मोजतात."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मान डोलावली आणि मऊ आवाजात विचारलं, "हे उजव्या-डाव्या हाताचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

लायने तोंड उघडलं. ती 'बा' एवढंच म्हणाली असेल नसेल.

"मी," बिऊ गुरुजी म्हणाले.

अकरा दिवस घेऊन लग्नाला हो म्हणणारा माणूस. रोजच्या कॉफीला थांब म्हणणारा माणूस. त्यांनी डोळ्याची पापणीही लवू दिली नाही. त्यांना कळलं होतं की ते मीच केलं, आणि त्यात त्यांचा वर्ग जाणार होता, तरी ते उत्तर त्यांच्या तोंडात आधीच तयार होतं.

आणि मी? जिची जीभ कधी कोणासाठी थांबली नाही ती मी, गप्प. डोक्यात एकदम सगळं यायला लागलं, दारावरची काच, माझी एकोणीस वर्षं, मोठ्या बाई, लोक काय म्हणतील. मला इतका विचार करता येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो किती घाणेरडा असू शकतो हेही कळलं. तास संपला. गुरुजींनी झाडं फळ्यावर काढली, हुय आपल्या चार झाडांसाठी भांडभांड भांडला आणि शेवटी स्वतःच बाकावर खडूचे तुकडे मांडून हरला. मला काही ऐकू येत नव्हतं.

नंतर मोठ्या बाईंच्या खोलीत चौघं बसलो. चहा आला. साहेब म्हणाले, "बसवलेल्या तासाला 'चांगला' शेरा देता येत नाही, गुरुजी. तुम्हाला नियम माहीत आहे. सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाने हे करावं याचं मला वाईट वाटतं."

"हो," गुरुजी म्हणाले.

त्यांचं ते साधं 'हो' माझ्या छातीत बसलं. मी उभी राहिले. "साहेब, ते खोटं बोलतायत. मी शिकवलं. त्यांना लसीच्या यादीवर पाठवून शिकवलं. त्यांना तर हेही माहीत नव्हतं की पोरं हात का बदलतायत. लिहा तुम्ही. लोआन, चौथी."

मोठ्या बाई चहात साखर ढवळत राहिल्या, साखर कधीच विरघळली होती.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. "मग तुम्ही 'मी' का म्हणालात?"

"वर्ग माझा आहे," गुरुजी म्हणाले. "त्यात जे होतं ते माझं."

साहेबांनी वहीचं एक पान फाडलं आणि दुमडून खिशात टाकलं. "पहिले तीन प्रश्न मी पाहिलेच नाहीत. चौथा पाहिला. तो काही कोणी बसवलेला नव्हता. पस्तीस मुलांनी माझ्यासमोर स्वतःचं मत बदललं, तेही दोनदा. हे माझ्या नोकरीत पहिल्यांदा झालं." मग त्यांनी लिहिलं. गुरुजींची तिसरी गुरुजींकडेच राहिली.

माझ्याबद्दलही लिहिलं. महिनाभर रोज एक तास, चौथीला शुद्धलेखन घालून, लोआन बाईंनी तिसरीत मागच्या बाकावर बसावं आणि टिपणं काढावीत. मी घरी जाऊन चिडून रडले, आणि रडून झाल्यावर कळलं की मला चांगली झोप येतेय.

सोमवारी मी वही घेऊन तिसरीत गेले. लायने सरकून मला जागा दिली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, हसले नाहीत, इतर कोणाकडे बघावं तसंच पाहिलं. मग म्हणाले, "गोगलगाय विहिरीत आहे. विहीर सहा मीटर खोल. दिवसा तीन मीटर चढते, रात्री दोन मीटर घसरते. बाहेर कधी येईल?"

दिवसाला एक मीटर. सहा दिवस! माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, कोपर बाकावर, ताठ. हुयचाही माझ्यामागून गेला. बाकीचा वर्ग आढ्याकडे बघत होता.

लायने माझं कोपर हळूच धरलं. माझ्या कानाशी येऊन, मला लाज वाटू नये अशा बेताने, ती म्हणाली, "बाई, इतक्यात नको. गुरुजी थांबतात."

मी हात खाली घेतला आणि पहिल्यापासून मोजायला लागले.